तेलाचे भाव पडले की काय काय होतं? सोलर, ईव्ही, आखात आणि जगाचं राजकारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, भाव जरा घसरला की तेच तेच प्रश्न पुन्हा यायला लागतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच एका जागी लिहून टाकतोय. बरीचशी उदाहरणं २०१४ ते २०१६ च्या घसरणीतली घेतलीत, कारण ती घसरण लांबली, तिचे परिणाम पूर्ण बघून झालेत, आणि तेव्हा "आता सोलर संपलं" पासून "आता रशिया संपला" पर्यंत सगळी भाकितंही करून झाली होती. एका उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तर तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. बॅरल म्हणजे नक्की किती, आणि बातम्यांत कधी ब्रेंट तर कधी डब्ल्यूटीआय असं का सांगतात?

एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर. ब्रेंट हा उत्तर समुद्रातल्या तेलाचा भाव, जगातले बरेचसे सौदे त्याच्यावर ठरतात. डब्ल्यूटीआय हा अमेरिकेतला भाव, त्याची डिलिव्हरी ओक्लाहोमा राज्यात कुशिंग नावाच्या छोट्या गावात होते (हे गाव लक्षात ठेवा, प्रश्न १४ मध्ये लागणार आहे). आपल्या रिफायनऱ्या जे मिश्रण घेतात त्याला इंडियन बास्केट म्हणतात, त्यात ओमान-दुबईकडचं गंधक जास्त असलेलं तेल जास्त आणि ब्रेंट कमी. आपल्या खिशाचा विचार करायचा असेल तर डब्ल्यूटीआय सोडून द्या, ब्रेंट बघा, आणि सोबत रुपया बघा (प्रश्न १६).

२. २०१४ ला असं काय झालं की भाव एकदम पाव झाले?

जून २०१४ मध्ये ब्रेंट ११५ डॉलरला होतं. इराकमध्ये आयसिसने मोसूल घेतलं होतं आणि टीव्हीवर सगळे भाव अजून चढणार असंच सांगत होते. जानेवारी २०१६ मध्ये तेच ब्रेंट २८ डॉलरच्या खाली. मधल्या दीड वर्षात जगात शांतता वगैरे काही नांदली नव्हती, तेल जास्त झालं होतं एवढंच.

अमेरिकेत नॉर्थ डकोटातलं बाकेन, टेक्सासमधलं ईगल फोर्ड आणि पर्मियन, या भागातल्या घट्ट खडकात अडकलेलं तेल आडवं ड्रिलिंग करून आणि पाणी-वाळूचा जबरदस्त दाबाने मारा करून काढायला लागले, त्यालाच फ्रॅकिंग म्हणतात, आणि अशा तेलाला शेल. २००८ मध्ये अमेरिका दिवसाला ५० लाख बॅरलच्या आसपास क्रूड काढत होती, २०१५ च्या एप्रिलपर्यंत ते ९५ लाखांच्या घरात गेलं. आता एवढं तेल वाढूनही २०११ ते २०१४ भाव शंभरच्या वर कसे राहिले? कारण तेवढंच तेल दुसरीकडून गायब होतं, लिबियात यादवी आणि इराणवर निर्बंध. म्हणजे पूर येत होता पण दिसत नव्हता. मग २०१४ च्या उत्तरार्धात लिबियाचं थोडं तेल परत आलं, चीनची मागणी मंदावली, डॉलर वधारला आणि २७ नोव्हेंबर २०१४ ला व्हिएन्नामध्ये ओपेकने, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेने, उत्पादन कमी करायला नकार दिला. तिथून कडेलोट झाला.

शेवटचा धक्का इराणचा. जुलै २०१५ मध्ये अणुकरार झाला, १६ जानेवारी २०१६ ला निर्बंध उठले, आणि त्याच आठवड्यात भावाने तळ गाठला.

३. सौदीला स्वतःचंच नुकसान होत होतं, मग त्यांनी उत्पादन कमी का नाही केलं?

कारण त्यांनी एकदा करून बघितलं होतं आणि हात पोळले होते. १९८१ ला सौदी दिवसाला एक कोटी बॅरलच्या आसपास काढत होता. १९७३ आणि १९७९ च्या भाववाढीनंतर जगाने काटकसर सुरू केली, उत्तर समुद्र, अलास्का, मेक्सिको इथून नवं तेल आलं, आणि भाव टिकवायला सौदी एकटा कपात करत गेला, इतकी की १९८५ मध्ये उत्पादन तीस लाखांच्याही खाली आलं. बाकीचे ओपेकवाले कोटा मोडून विकत राहिले. शेवटी सौदीने नळ सोडला, १९८६ मध्ये भाव दहा डॉलरच्या आसपास कोसळला आणि त्याच वर्षी तेलमंत्री शेख यामानी यांची खुर्ची गेली.

२०१४ चे तेलमंत्री अली अल-नईमी हे सगळं आरामको या सौदीच्या सरकारी तेल कंपनीच्या आत राहून बघितलेले गृहस्थ. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमचं तेल काढायला बॅरलमागे दहा डॉलरसुद्धा लागत नाहीत, मग महाग तेल काढणाऱ्यांनी थांबावं, आम्ही का थांबायचं? गणित बरोबरच होतं. पण काढायचा खर्च वेगळा आणि देश चालवायचा खर्च वेगळा. सौदीचं बजेट जुळायला तेव्हा साधारण शंभर डॉलरचा भाव लागत होता. पगार, सबसिडी, शस्त्रं आणि मार्च २०१५ पासून येमेनचं युद्ध. २०१५ मध्ये जवळपास ९८ अब्ज डॉलरची तूट आली. शेवटी ३० नोव्हेंबर २०१६ ला ओपेकने १२ लाख बॅरलची कपात मान्य केली आणि डिसेंबरमध्ये रशिया वगैरे बाहेरचे देशही सोबत आले, त्यालाच आता ओपेक प्लस म्हणतात. म्हणजे दोन वर्षं भांडून सौदी निघाला तिथेच परत आला, फक्त मध्ये बराच पैसा गेला आणि रशिया टेबलावर आला.

४. हे सगळं अमेरिका आणि सौदीने मिळून रशियाला पाडायला केलं होतं असं ऐकलंय, खरं का?

हा मेसेज दर घसरणीला फिरतो. २०१४ च्या मार्चमध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला, वर्षअखेरीस तेल निम्मं, त्यामुळे संशय येणं साहजिक आहे. पण ज्यांच्यावर सौदीचा नेम होता ते अमेरिकेचे शेलवालेच होते. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत १६०९ ऑइल रिग (तेलविहिरी खोदणारी यंत्रं) चालू होत्या, २०१६ च्या मे महिन्यात ३१६ उरल्या. आपल्याच टेक्सासची अशी वाट लावून घेणारा कट कोण रचेल? त्यात ओबामा तेव्हा इराणशी करार करत होते, ज्यावर रियाध प्रचंड भडकलेला होता.

रशियाला मार बसला हे मात्र खरं. १५ डिसेंबर २०१४ ला रूबल असा कोसळला की त्यांच्या मध्यवर्ती बँकेने मध्यरात्री व्याजदर साडेदहावरून १७ टक्के केला होता. पण त्यामुळे राजकारण बदललं का? क्रिमिया सोडला नाही, उलट सप्टेंबर २०१५ मध्ये सीरियात विमानं पाठवली. स्वस्त तेलाने देश शहाणे होतात हा समज माझ्या मते या दोन वर्षांत पार निकालात निघाला, येमेन आणि सीरिया ही दोन्ही धाडसं तेल पडत असतानाच सुरू झाली.

५. मग शेल कंपन्या बुडाल्या का?

बऱ्याच बुडाल्या, शेल बुडालं नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी खडक आणि मशीन तिथेच राहतात, दुसरा कोणीतरी स्वस्तात घेतो. जे टिकले त्यांनी खर्च इतका खाली आणला की आधी ज्यांना ७०-८० डॉलर लागायचे त्यांना पुढे त्याहून बऱ्याच कमी भावातही परवडायला लागलं. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने १९७० च्या दशकापासूनची क्रूड निर्यातबंदी उठवली, आणि २०१८ मध्ये सौदी आणि रशियाला मागे टाकून अमेरिका जगातली सगळ्यात मोठी क्रूड उत्पादक झाली. सौदीने मारायला घेतलं आणि व्यायाम करून घेतला.

६. क्रूड पाव झालं तरी आमच्या पंपावर पेट्रोल पाव का नाही झालं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, त्यामुळे सविस्तर.

दिल्लीचा भाव घ्या. जुलै २०१४ मध्ये पेट्रोल साधारण ७३ रुपये, मार्च २०१६ मध्ये साधारण ५७. क्रूड मधल्या काळात सत्तर टक्क्यांहून जास्त पडलं होतं. फरक गेला कुठे? केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये नऊ वेळा एक्साइज वाढवली, पेट्रोलवर लिटरमागे एकूण ११.७७ आणि डिझेलवर १३.४७ रुपये. केंद्राची पेट्रोलियमवरची एक्साइजची कमाई २०१४-१५ ला ९९ हजार कोटी होती, ती २०१६-१७ ला दोन लाख ४२ हजार कोटी झाली. हेच २०२० मध्ये पुन्हा: लॉकडाउनमध्ये क्रूड पडलं आणि मे महिन्यात एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये चढले.

आता यात एक बारीक गोष्ट आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. केंद्राची एक्साइज लिटरमागे ठराविक रुपये असते, क्रूड पडो की चढो. राज्यांचा व्हॅट मुख्यतः टक्क्यांत असतो, म्हणजे भाव पडला की राज्याची कमाई आपोआप पडते. म्हणून मग राज्यं त्यावर अधिभार चिकटवतात. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून दोन रुपये लावले. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने हायवेलगतची दारूची दुकानं बंद करायला लावली, दारूचा महसूल बुडाला, आणि राज्याने पेट्रोलवरचा अधिभार आणखी तीन रुपयांनी वाढवला. दारू न पिणाऱ्याने स्कूटरवर बसून तो भरला.

सरकारच्या बाजूनेही सांगायला हवं: २०१४ च्या आधी डिझेल, केरोसीन, गॅस खर्चापेक्षा कमी भावात विकून तेल कंपन्यांचा तोटा सरकार भरत होतं, आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त करता आलं ते भाव पडले म्हणूनच, चढत्या भावात कुठल्याच सरकारची हिंमत झाली नसती. पण नियंत्रणमुक्त म्हणजे भाव बाजाराबरोबर वर जातो तसा खालीही यायला हवा, आणि खाली येताना मध्ये दरवेळी कर उभा राहिला.

७. एकाच राज्यात परभणीला पेट्रोल एवढं महाग का, आणि गोव्यात स्वस्त कसं?

परभणीला पेट्रोल मनमाडजवळच्या डेपोतून टँकरने येतं, अंतर तीनशे किलोमीटरच्या वर, त्या वाहतुकीचा खर्च भावात. मुंबई-ठाणे-नवी मुंबईत २०२४ पर्यंत व्हॅटचा दरच बाकी राज्यापेक्षा वेगळा होता. गोव्यात २०१२ मध्ये पर्रीकरांनी व्हॅट जवळपास शून्यावर आणून पेट्रोल एका झटक्यात ११ रुपयांनी स्वस्त केलं होतं, सावंतवाडी-बांद्याकडचे लोक टाकी भरायला बॉर्डर ओलांडायचे. क्रूड पडल्यावर गोव्यानेही तो व्हॅट हळूहळू परत वर नेला. क्रूडशी या फरकांचा काही संबंध नाही.

८. पेट्रोल जीएसटीत का घेत नाहीत?

घटनादुरुस्तीत तरतूद आहे, जीएसटी कौन्सिलने ठरवलं की झालं. केंद्रालाही नको, राज्यांनाही नको, पक्ष कुठलाही असो. कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

९. मग तेल पडणं भारतासाठी चांगलंच ना? आपण तर ८५ टक्के आयात करतो.

एकूण हिशोबात चांगलं. २०१३-१४ ला क्रूड आयातीचं बिल १४३ अब्ज डॉलर होतं, २०१५-१६ ला ६४ अब्ज. रुपया सावरतो, महागाई कमी होते, सरकारची तूट कमी होते.

पण कोकणात हा प्रश्न विचारून बघा. म्हसळा, श्रीवर्धन, दापोली, खेड, रत्नागिरी, या पट्ट्यात कितीतरी घरं आखातातल्या पगारावर उभी आहेत, गोव्यातही तसंच. तेल पडलं की तिकडची बांधकामं थांबतात, पगार अडकतात, व्हिसा रिन्यू होत नाही. २०१६ मध्ये सौदीत हजारो भारतीय कामगार महिनोन्महिने पगाराविना अडकले, जेवणाचीही पंचाईत झाली, शेवटी परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग यांना जेद्दाहला जावं लागलं. जागतिक बँकेच्या आकड्यांत परदेशातल्या भारतीयांनी घरी पाठवलेला पैसा २०१५ ला जवळपास ६९ अब्ज डॉलर होता, २०१६ ला ६३ च्या आत. देशाच्या बेरजेत ही रक्कम आयातीतल्या बचतीपुढे छोटी आहे, पण बचत सरकारच्या तिजोरीत गेली आणि तोटा म्हसळ्याच्या घरात, त्यामुळे "भारताला फायदा" म्हणताना कोणत्या भारताला ते विचारा.

१०. तेल स्वस्त झालं की सोलर आणि पवनचक्क्या बंदच पडणार ना? साधं लॉजिक आहे.

लॉजिक साधं आहे पण जागा चुकलीये. सोलर आणि पवनचक्की वीज बनवतात. तेलापासून जगातली वीज फार थोडी बनते, तीन-चार टक्के. आपल्याकडे वीज कोळशाची. तेल जातं गाड्या, ट्रक, जहाजं, विमानं आणि प्लास्टिकमध्ये. म्हणजे एक दुकान विजेचं, दुसरं वाहतुकीचं, गिऱ्हाईकच वेगळं.

आणि प्रत्यक्षात काय झालं बघा. २०१५ हे तेलाचं पडझडीचं वर्ष, त्याच वर्षी अक्षय ऊर्जेत जगभरात तोवरची विक्रमी गुंतवणूक झाली. भारतात २०१० च्या लिलावात सोलरची बोली युनिटमागे ११ रुपयांच्या आसपास होती, फेब्रुवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशात रीवाला पहिल्या वर्षासाठी २.९७, आणि मे २०१७ मध्ये राजस्थानात भादलाला २.४४. हे सगळं तेल स्वस्त असतानाच. कारण पॅनलचा भाव ठरतो चीनमधले कारखाने, व्याजदर आणि जमिनीवरून, व्हिएन्नातल्या बैठकीवरून नाही. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेची सनएडिसन दिवाळखोरीत गेली तेव्हा "बघा, स्वस्त तेलाने मारलं" असं म्हणणारे होते, प्रत्यक्षात ती कर्ज काढून काढून खरेद्या करत सुटली होती, तिला कर्जाने मारलं.

आता अपवाद, कारण अपवाद आहेत. एक, जिथे डिझेलने वीज बनते तिथे थेट स्पर्धा आहे: जनरेटर, मोबाइल टॉवर, बेटं, आणि उत्तर प्रदेश-बिहारकडचे डिझेल पंप. महाराष्ट्रात शेतीपंप मुख्यतः विजेवर, त्यामुळे आपल्याकडे सौर कृषीपंपाची स्पर्धा डिझेलशी कमी आणि रात्रीच मिळणाऱ्या विजेशी जास्त आहे. दोन, गॅस. एलएनजीचे (जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसचे) जुने करार क्रूडच्या भावाला बांधलेले असतात, त्यामुळे क्रूड पडलं की गॅसची वीजही स्वस्त होते. कतारकडून पेट्रोनेट ही आपली गॅस आयात करणारी कंपनी गॅस घेते तो करार डिसेंबर २०१५ मध्ये नव्याने बोलून घेतला, भाव जवळपास निम्मा झाला आणि कमी उचललेल्या गॅसचा सुमारे १२ हजार कोटींचा दंडही माफ झाला. माझ्या मते त्या घसरणीतला भारताचा सगळ्यात हुशार सौदा हाच, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली. त्याच सुमाराला बंद पडलेला दाभोळचा गॅसवरचा वीजप्रकल्प रेल्वेला ५०० मेगावॅट द्यायला पुन्हा सुरू झाला. पण म्हणून गॅसने सोलरला हरवलं असं काही झालं नाही.

११. पण ऐंशीच्या दशकात तर खरंच बंद पडलं होतं ना?

हो, आणि म्हणूनच ही भीती अजून टिकून आहे. १९७३ च्या अरब तेलबंदीत भाव तीन डॉलरवरून बारापर्यंत गेला, तेव्हा सगळ्या जगाला पर्यायी ऊर्जा आठवली. ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या अल्कोहोलचा मोठा कार्यक्रम काढला. अध्यक्ष कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवायचे सौर पॅनल बसवले. रेगन यांच्या काळात १९८६ मध्ये छताच्या दुरुस्तीसाठी ते काढले आणि परत बसवलेच नाहीत. १९८६ हे वर्ष लक्षात आलं ना? प्रश्न ३ मधलंच.

तेव्हा आणि आता यात फरक असा की तेव्हा सोलर महागडं होतं आणि ते फक्त सरकारी सवलतीवर तगलं होतं. तेलाची भीती गेली, सवलत गेली, सोलर गेलं. २०१५ पर्यंत सोलर स्वतःच्या पायावर उभं राहायला लागलं होतं, आणि मुख्य कारण तेलाची भीती हे राहिलंच नव्हतं, दिल्ली-बीजिंगची हवा आणि डिसेंबर २०१५ चा पॅरिस करार ही कारणं होती.

१२. ईव्हीचं काय? तिथे तर पेट्रोलशी थेट टक्कर आहे.

बरोबर, इथे तेलाचा भाव लागतो. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त झालं की लोक लगेच मोठ्या एसयूव्हीकडे वळतात, २०१५-१६ मध्ये तेच झालं. पण तिथे पेट्रोलवर कर कमी आहे म्हणून क्रूडची घसरण थेट पंपावर दिसते. आपल्याकडे मध्ये कर उभा आहे, त्यामुळे क्रूड पडलं तरी ईव्ही स्कूटरचं गणित फारसं बिघडत नाही. ज्या एक्साइजला आपण शिव्या देतो तीच गुपचूप ईव्हीची सबसिडी आहे! हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, पण परिणाम तोच.

नॉर्वेने मात्र मुद्दाम केलं. युरोपातला मोठा तेल-गॅसवाला देश, पण पेट्रोल गाडीवर जबर कर, इलेक्ट्रिक गाडीला सूट, आणि २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक. स्वतःचं तेल जगाला विकायचं आणि स्वतः विजेवर फिरायचं. ढोंग म्हणा किंवा व्यवहार, तेलाचा पैसा सगळा खाऊन न टाकता फंडात ठेवला म्हणून त्यांना ते परवडलं.

१३. क्रूड पडलं तर आमच्या कारखान्याच्या इथेनॉलचं काय होणार?

कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडून हा प्रश्न हमखास येतो. थोडक्यात: इथेनॉलचा खरेदी भाव सरकार ठरवतं, उसाचा रस, बी-हेवी आणि सी-हेवी मळी, मका असा वेगवेगळा, तो क्रूडला बांधलेला नाही. त्यामुळे क्रूड पडलं म्हणून कारखान्याचा भाव उद्या पडत नाही. उलट क्रूड खूप पडलं की करापूर्वीचं पेट्रोल इथेनॉलपेक्षा स्वस्त होतं आणि तेल कंपन्या महाग वस्तू मिसळत बसतात, तरी मिसळतात कारण धोरण तसं आहे. २०१३-१४ ला पेट्रोलमध्ये इथेनॉलचं मिश्रण दीड टक्का होतं, २०२५ ला २० टक्के.

कारखान्याला खरा धोका पावसाचा आणि दिल्लीचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने अचानक निर्बंध आणले, ज्यांनी नुकतीच कर्ज काढून डिस्टिलरी टाकली होती ते तोंडघशी पडले. तेव्हा क्रूड काही पडलेलं नव्हतं.

१४. २०२० ला तेल शून्याच्या खाली गेलं होतं म्हणतात, म्हणजे मला पैसे देऊन तेल दिलं असतं?

दिलं असतं, पण कुशिंगला जाऊन स्वतःच्या टाकीत भरून घ्यावं लागलं असतं, आणि टाकी कोणाकडेच नव्हती. मार्च २०२० मध्ये सौदी आणि रशियाचं कपातीवरून फिसकटलं, दोघांनी नळ सोडले, आणि त्याच महिन्यात कोरोनाने जग बंद पडलं. २० एप्रिलला मे महिन्याच्या डब्ल्यूटीआय सौद्याचा बंद भाव उणे ३७.६३ डॉलर. मार्केटला नेलेला कांदा परत आणायचं भाडं परवडत नाही म्हणून शेतकरी तिथेच ओतून येतो, तसंच. ब्रेंट मात्र त्या दिवशीही पंचविशीत होतं, कारण ते समुद्रात जहाजावर भरता येतं.

मुंबईत याचा वेगळाच तमाशा झाला. एमसीएक्स या मुंबईच्या कमोडिटी बाजारातला सौदा अमेरिकेच्या भावावर मिटतो, पण लॉकडाउनमुळे इथलं ट्रेडिंग संध्याकाळी पाचला बंद व्हायचं. शेवटचा व्यवहार ९६५ रुपयांना झाला, सगळे झोपले, रात्री अमेरिकेत भाव उणे गेला आणि एमसीएक्सने सौदा उणे २,८८४ रुपयांना मिटवला. एका लॉटमध्ये १०० बॅरल, म्हणजे लॉटमागे पावणेचार लाखांच्या वर फटका, आणि विकून बाहेर पडायला मार्केटच उघडं नव्हतं. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं.

केंद्राने त्या एप्रिल-मेमध्ये एक काम चोख केलं: विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या जमिनीखालच्या साठ्यांत, एकूण ५३ लाख टन जागा आहे तिथे, सरासरी १९ डॉलरच्या भावाने तेल भरून ठेवलं. सरकारच्या म्हणण्यानुसार पाच हजार कोटींहून जास्त वाचले.

१५. रशियाचं तेल सवलतीत घेतलं ना आपण, मग ते स्वस्त तेल कुठे गेलं?

युक्रेन युद्धाआधी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, नंतर तो एक तृतीयांशाच्या वर गेला. डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ ने ६० डॉलरची मर्यादा घातली, म्हणजे रशियाने विकावं पण कमी भावात, आणि ते विकत घेणारा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक चीनसोबत आपण. फायदा गेला रिफायनऱ्यांना: खासगीवाल्यांनी डिझेल बनवून युरोपला विकलं, सरकारी कंपन्यांनी आधी चढ्या भावातला तोटा भरून काढला. पंपावरचा भाव मे २०२२ पासून जवळपास दोन वर्षं हलला नाही, मार्च २०२४ मध्ये दोन रुपये कमी झाला, लोकसभेच्या तारखा जाहीर व्हायच्या आदल्याच दिवशी.

किंमत मोजावी लागली ती वेगळीकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच कारणासाठी भारतीय मालावर जादा २५ टक्के शुल्क लावलं. आणि गुजरातमधली वाडीनारची रिफायनरी घ्या: एस्सारने ती रशियाच्या रोसनेफ्टच्या गटाला विकायचा करार जाहीर झाला तो ऑक्टोबर २०१६ मध्ये गोव्यातल्या ब्रिक्स बैठकीत, तेल स्वस्त आणि एस्सार कर्जात असताना. तीच रिफायनरी आता नायरा नावाने चालते आणि जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने तिच्यावर निर्बंध टाकले. स्वस्त तेलाच्या काळात केलेले सौदे नऊ वर्षांनी असे अंगावर येतात.

१६. २००८ ला क्रूड १४७ डॉलर होतं, नंतर ७० झालं तरी बिल तेवढंच कसं?

रुपया. २००८ च्या जुलैत डॉलर साधारण ४३ रुपयांना, म्हणजे १४७ डॉलरचं बॅरल सहा हजार तीनशे रुपयांना पडत होतं. २०२५ च्या सुरुवातीला डॉलर ८६ च्या आसपास, म्हणजे ७० डॉलरचं बॅरल सहा हजार रुपये. डॉलरमध्ये निम्मं, रुपयात जवळपास तेच. क्रूड नेहमी रुपयात मोजा, बऱ्याच बातम्या आपोआप लहान होतात.

१७. सगळं जग सोलर-ईव्हीवर गेलं की तेलाचं राजकारण संपेल का?

तेलाचं कमी होईल, राजकारण कसं संपेल? सोलर पॅनल बनवायच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. जगातलं जवळपास ७० टक्के कोबाल्ट काँगोच्या खाणीतून येतं आणि शुद्ध होतं चीनमध्ये. २०१० मध्ये जपानशी बेटांवरून भांडण झालं तेव्हा चीनने दुर्मिळ खनिजं रोखली होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये मोटरला लागणाऱ्या मॅग्नेटच्या निर्यातीवर परवान्यांची अट टाकली तेव्हा इथल्या ईव्ही बनवणाऱ्यांचीही पळापळ झाली.

एक फरक आहे पण. तेल रोखलं तर महिन्याभरात देश ठप्प होतो, कारण ते रोज जाळावं लागतं. पॅनल रोखले तर नवीन बसणार नाहीत, छतावर बसलेले वीस-पंचवीस वर्षं वीज देतच राहतात. आखाताला मिळाली तशी पकड चीनला मिळणार नाही असं मला वाटतं ते यामुळेच.

१८. तेल पडल्यावर व्हेनेझुएलाचंच एवढं वाटोळं का झालं, बाकीचे तर वाचले?

निर्यातीतले ९५ टक्के पैसे तेलाचे, हे एक. पण कुवेतचंही जवळपास तसंच आहे. फरक असा की व्हेनेझुएलाने चांगल्या दिवसांत काही शिल्लक ठेवलं नाही, उलट चीनकडून तेल तारण ठेवून कर्ज घेतलं, म्हणजे भाव पडल्यावर तेवढंच कर्ज फेडायला जास्त बॅरल द्यायला लागले. त्यांचं तेलही जड, डांबरासारखं, काढायला आणि पातळ करायला महाग. सरकारी कंपनीतले अनुभवी लोक २००३ च्या संपानंतर हजारोंनी काढून टाकलेले होते, त्यामुळे उत्पादन भाव पडायच्या आधीपासूनच घसरत होतं. अमेरिकेचे तेलावरचे मोठे निर्बंध २०१९ मध्ये आले, तोपर्यंत महागाईने चलन आधीच कागद झालं होतं आणि लाखो लोक कोलंबियाच्या पुलावरून चालत बाहेर पडले होते. सौदीकडे २०१४ ला सातशे अब्ज डॉलरच्या वर गंगाजळी होती, रशियाने रूबल पडू दिला आणि पैसा वाचवला. व्हेनेझुएलाने बोलिव्हार या आपल्या चलनाचा सरकारी भाव कागदावर धरून ठेवला, खरा भाव रस्त्यावर ठरत राहिला, आणि सरकारी भावाने डॉलर मिळवणारे ओळखीचे लोक श्रीमंत झाले.